कृष्णेचे तीन संगम आणि एक यामाझाकी

क्योतो आणि ओसाका यांच्या मधल्या डोंगरपायथ्याशी यामाझाकी नावाचं गाव आहे. कात्सुरा, उजी आणि किझु या तीन नद्या तिथे एकमेकींना मिळतात, आणि खोऱ्यात धुकं साचून राहतं. शिंजिरो तोरी या ओसाकाच्या व्यापाऱ्यानं १९२३ साली जपानमधली पहिली माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी इथे उभारायला घेतली, ती इथल्या पाण्यासाठी आणि दमट हवेसाठी. याच गावातल्या म्योकीआन मंदिरात सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्याच्या नावाशी जोडलेली ताईआन ही दोन चटयांची चहाची खोली आहे. व्हिस्की यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या पाण्याची ख्याती होती.

कृष्णाकाठच्या माणसाला संगमाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा हा सव्वाशे किलोमीटरचा पट्टा फेब्रुवारीच्या अखेरीला मी उतरलो, आणि बरोबर यामाझाकीची अठरा वर्षं मुरलेली सिंगल माल्ट होती. एकाच बाटलीची चव साताऱ्यात घ्यायची आणि सांगलीतही घ्यायची, एवढाच बेत होता. वाटेत मात्र तिच्याइतकेच मुरलेले आणि तिच्याइतकेच पारखून घ्यावे लागणारे जिन्नस भेटत गेले, आणि बाटलीचा अर्थ मला त्यांच्यामुळे नीट लागला.

बाटली मावसभावानं आणलेली. तो ओसाकाला नोकरी करतो. मामांच्या पंचाहत्तरीला काय आणावं याचा त्यानं बराच विचार केला असणार, कारण मामा निवृत्त सुभेदार आणि सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक सैनिकी घरांत पेय म्हणजे कॅन्टीनची रम. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला हा जिल्हा. तिथल्या माणसाला दारूची पारख नसते असं कुणी म्हणू नये. पारख असते, फक्त ती एकाच पेयाची असते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला आता महाराष्ट्राचं नाव लागलं असलं, तरी आपल्याकडे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि बिअर-वाइनखेरीजच्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. आम्हा सगळ्यांकडे आजीवन परवाने होते. जपानची बाटली गाडीत घालून जिल्हा ओलांडताना ते कागद जवळ असलेले बरे.

चव घेण्याआधी आदल्या दिवशी माहुलीला जाऊन आलो. कृष्णेच्या दोन्ही तीरांवरची दगडी देवळं, संगमाचा घाट, उन्हं कलली की पाण्यावरून येणारा गारवा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, आणि फेब्रुवारीत संध्याकाळी अजून शाल लागते. व्हिस्की पारखायला अशी हवा उत्तम. गार हवेत मद्यार्क लगेच उसळून नाकावर येत नाही, त्यामुळे त्याच्यामागे दडलेले वास हाती लागतात.

मामांच्या घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. भावानं खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे ग्लास आणले होते. निमुळत्या तोंडात वास साठतो, पसरट ग्लासात तो उडून जातो, म्हणून पारख करणारे हाच आकार वापरतात. प्रत्येकी जेमतेम दोन चमचे ओतली. रंग गडद, तांबूस. मामा लगेच म्हणाले, "रंगावरनंच कळतंय, जुनी हाय." खरं तर रंगावरून वय कळत नाही. शेरी वाइन मुरवलेल्या पिंपातली आठ वर्षांची व्हिस्की अमेरिकन ओकच्या वापरलेल्या पिंपातल्या पंधरा वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा गडद असू शकते. शिवाय स्कॉटलंडमध्ये काय आणि जपानमध्ये काय, साखर जाळून केलेला साधा कॅरामल रंग घालायला नियमांची आडकाठी नाही. डोळ्यांनी पाहावं, पण तिथे निकाल देऊ नये.

मग नाक. ग्लास ओठांपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि खोल श्वास न ओढता हलकेच हुंगायचं. पहिला वास बेदाण्याचा आणि जर्दाळूचा आला. दोन-तीन मिनिटांनी मागून दूध आटवून खरपूस केल्यासारखं काही वर आलं. साताऱ्यात बसून त्याला दुसरं नाव सुचणं शक्य नव्हतं, तो कंदी पेढा होता. मामांनी बराच वेळ हुंगून सांगितलं, "आरं, ह्यात काकवी हाय की!" रम उसाच्या मळीची असते, तिच्यातल्या त्या गोडव्याशी त्यांचं नाक चाळीस वर्षं जुळलेलं. शेरीच्या पिंपातून आलेला सुकामेव्याचा जड गोडवा त्यांनी त्या ओळखीतून बरोबर पकडला.

मामी पीत नाहीत. पण त्यांच्या हातात मी ग्लास दिला तो उगाच नाही. पापड-मसाल्यापासून देवपूजेपर्यंत घरातले सगळे वास त्यांच्या नाकाखालून गेलेले. त्यांनी एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "सहाणेवर चंदन उगाळल्यावर येतो तो वास आहे. आणि थोडा सुक्या खोबऱ्याचा." आम्हा तिघा पुरुषांना तोवर जे सापडलं नव्हतं ते त्यांना पहिल्या फटक्यात सापडलं. ते मिझुनारा होतं.

मिझुनारा म्हणजे जपानी ओक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं येणं थांबलं तेव्हा जपानी डिस्टिलऱ्यांनी नाइलाजानं आपल्या रानातला हा ओक वापरायला घेतला. लाकूड सच्छिद्र आणि गाठीचं, पिंप गळतं. पिंपाजोगा बुंधा व्हायला झाडाला शतकं लागतात. सुरुवातीला त्यातली व्हिस्की फार लाकडी लागते म्हणून कारागीर नाराज होते. बरीच वर्षं गेल्यावर त्याच पिंपांतून चंदनाचा, देवळातल्या धुपाचा आणि नारळाचा वास येऊ लागला. यामाझाकी १८ मध्ये भर शेरीच्या पिंपांवर असतो, मिझुनाराचा अंश थोडाच. तरी तोच या व्हिस्कीची ओळख पटवून देतो, आणि तो ओळखायला एखाद्या परदेशी तज्ज्ञापेक्षा रोज देवासमोर बसणारी बाई अधिक तयारीची असते, असं माझं मत त्या संध्याकाळी झालं आणि ते कायम आहे.

जिभेवर ती मऊ उतरली. ४३ टक्के मद्यार्क असूनही धार नव्हती. आधी स्ट्रॉबेरीचा मुरंबा, आमच्या महाबळेश्वरच्या बाजूला घरोघरी करतात तसा, मग कडसर चॉकलेट, आणि घोट गिळल्यावर घशात बराच वेळ रेंगाळणारा मसाल्याचा उष्णपणा. दालचिनी, थोडं जायफळ. शेवटाला ओकचा तुरटपणा. हा तुरटपणा कितपत आवडतो यावर अठरा वर्षांच्या व्हिस्कीबद्दल प्रत्येकाचं मत ठरतं. मला तो किंचित जास्त वाटला.

दुसऱ्या फेरीत पाणी घातलं, थेंब-थेंब मोजून. सातारा शहराला कास तलावाचं पाणी येतं. जांभ्याच्या सड्यावर पडलेल्या पावसाचं हे पाणी हलकं, जिभेला स्वतःची चव न लावणारं. यामाझाकीचं पाणीही मृदू म्हणूनच नावाजलेलं. पाण्याच्या थेंबांनी वास कसा उमलतो, यावर स्वीडनमधल्या ब्यर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन या संशोधकांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. धुराचा आणि मसाल्याचा वास देणारा ग्वायाकॉल हा घटक तीव्र मद्यार्कात आत बुडून राहतो, आणि पाणी घालून मद्यार्काचं प्रमाण उतरवलं की तो पृष्ठभागाकडे येतो, असं त्यांच्या संगणकी गणितातून दिसलं. आमच्या ग्लासात धूर नव्हताच, पण चार थेंबांनंतर जर्दाळू स्पष्ट झाला आणि तुरटपणा मागे सरला. जपानमध्ये जेवणाबरोबर भरपूर पाणी घालून पिण्याची रीत आहे. इतकी मुरलेली माल्ट मात्र तशी पातळ करू नये.

सकाळी एका छोट्या बाटलीत उरलेल्यातला वाटा घेऊन मी निघालो. सांगलीला थोरल्या बहिणीचं घर आहे. दाजी तिथल्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. मामांचा हुकूम होता, "दाजींना दाखव. त्यांचं नाक बाजारात चालतं."

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि काटकोनात वळून पुढे जातात. नद्यांचा असा संगम क्वचितच पाहायला मिळतो. घाटावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे थोडा बसलो आणि गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळावर गेलो, कारण हंगाम ऐन भरात होता. चुलवाणावर काहील उकळत होती, चिपाडाचा जाळ, रानभेंडीच्या चिकानं वर आणलेला फेस झाऱ्यानं काढणं चालू. गुळव्या पाकाचा एक थेंब गार पाण्यात सोडायचा आणि बोटांत वळून बघायचा. गोळी कशी वळते, कधी काहील उतरवायची, हे त्याच्या बोटांना ठाऊक. मी विचारलं, घड्याळ नाही का लावत? तो म्हणाला, "ऊस रोज वेगळा असतोय, घड्याळ एकच असतंय." यामाझाकीच्या गोदामात कोणतं पिंप आज फोडायचं आणि कोणतं आणखी पाच वर्षं ठेवायचं, हे ठरवणारा ब्लेंडरही याच कारणासाठी तारखेवर विसंबत नाही. बाटलीवरचा आकडा फक्त एवढंच सांगतो की आतली सर्वांत कोवळी व्हिस्की तेवढ्या वर्षांची आहे.

पुढे रस्त्याला साखर कारखान्यांचा वास लागतो. कृष्णेच्या दोन्ही काठांना, रेठऱ्यापासून खाली सांगलीपर्यंत, सहकारी कारखान्यांची रांग आहे. टनभर ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यापासून मद्यार्क गाळतात, आणि भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या पेयांतल्या फार मोठ्या भागाचा पाया हाच मळीचा मद्यार्क असतो, त्यात थोडा माल्ट मिसळलेला. युरोपात कायद्यानं त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते. जपानलाही हा प्रश्न निराळ्या रूपात भेडसावला. परदेशातून घाऊक व्हिस्की आणायची, बाटलीत भरायची आणि जपानी म्हणून विकायची, हे तिथे कित्येक वर्षं चाललं. अखेर तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं २०२१ मध्ये नियम केला आणि तो सदस्यांना २०२४ च्या एप्रिलपासून पुरता लागू झाला: पाणी जपानचं, आंबवणं आणि गाळणं जपानमध्ये, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात जपानमध्येच किमान ३ वर्षं मुरवण, बाटलीबंदही तिथेच. लेबलावर जपानी अक्षरं दिसली म्हणजे आत जपानी व्हिस्की असेलच असं जुन्या बाटल्यांबद्दल सांगता येत नाही. घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. महागड्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकण्याचा धंदाही आहे, तेव्हा बाटली कुणाकडून येते याला चवीइतकंच महत्त्व.

शेणोलीवरून कुंडलकडे वळलो. इथे थांबावंच लागतं. १९४२ च्या चळवळीत नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात उभं राहिलं, कुंडल त्याचं मोठं ठाणं. जी. डी. बापू लाड इथलेच. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी लुटली ती प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं. त्या प्रतिसरकारानं गावोगाव जे कार्यक्रम चालवले त्यात साधी लग्नं होती, न्यायनिवाडे होते, आणि दारूबंदीही होती. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेही याच परंपरेतलं. आजही या भागातल्या बायका मतदान मागतात, आडव्या बाटलीवर शिक्का मारतात आणि गावातलं दुकान बंद करतात. दोन चमचे व्हिस्कीचे वास मोजणारा मी त्या बायकांच्या बाजूचा आहे, आणि यात मला विसंगती वाटत नाही. चव घेणं म्हणजे थोडं घेणं आणि वेळेत थांबणं. संसार बुडवणाऱ्या पिण्यात चवीला जागाच नसते.

कुंडलपासून किर्लोस्करवाडी जवळच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. त्यांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना सुरुवातीला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, कारण लोखंडानं जमिनीला विष लागेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला माल असाच न खपलेला आणखी एक माणूस मला तिथून जाताना आठवला, मासाताका ताकेत्सुरू. हिरोशिमाकडच्या ताकेहारा गावातल्या साके बनवणाऱ्या घराण्यातला हा तरुण १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला, ग्लासगोत रसायनशास्त्र शिकला, लाँगमॉर्न आणि हेझलबर्न इथे काम करून गाळण्याची कला वहीत टिपून घेतली, रीटा कोवन या स्कॉटिश मुलीशी लग्न करून १९२० मध्ये परतला. तोरींनी यामाझाकी उभारायला त्याला नेमलं. १९२९ मध्ये शिरोफुदा ही तिथली पहिली व्हिस्की बाजारात आली आणि पडली. जपानी जिभेला ती धुरकट वाटली. ताकेत्सुरू पुढे १९३४ मध्ये होक्काइदोतल्या योइचीला गेले, व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकून कंपनी चालवली, आणि १९४० मध्ये आपली पहिली व्हिस्की विकायला काढली. तीच कंपनी आजची निक्का. तोरींनी इकडे धूर कमी करून जपानी जेवणाला साजेल अशी सौम्य चव घडवली. आम्ही साताऱ्यात प्यायलो तिच्यात धूर का नव्हता, त्याचं उत्तर १९२९ च्या त्या अपयशात आहे.

पलूसला थांबलो ते वाइन पार्कसाठी. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क ठरवले, नाशिकजवळ विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस. नाशिकची वाइन पुढे गेली. सांगलीच्या शेतकऱ्यानं मात्र आपला जीव बेदाण्यातच ठेवला, आणि मला वाटतं त्यानं योग्य केलं. तासगावकडे वळलं की रस्त्याच्या कडेला जाळीच्या रॅकवर द्राक्षं वाळत घातलेली शेड दिसू लागतात. तास-ए-गणेश ही जात इथलीच, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडून वाढवलेली. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवतात, त्यानं सालीवरचा मेणचट थर मोकळा होतो आणि पाणी लवकर उडतं. मग सावलीत पंधरा-अठरा दिवस. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. शेडमध्ये अर्धवट वाळलेले घड हुंगले तेव्हा आदल्या संध्याकाळचा ग्लासातला पहिला वास जसाच्या तसा समोर आला. कारण उघड आहे. शेरी द्राक्षाचीच, आणि तिच्या गोड प्रकारासाठी स्पेनमध्ये द्राक्षं आधी उन्हात सुकवतात. पिंपाच्या लाकडात शिरलेला तो अंश अठरा वर्षांत व्हिस्कीत उतरतो.

सांगलीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दुपारी चव घेऊन पाहिली, मुद्दाम. ग्लासातून मद्यार्कच आधी वर आला, नाक चुरचुरलं, चंदन पार लपलं, आणि जिभेवर तुरटपणा दुप्पट झाल्यासारखा लागला. बर्फ घालणं हा उपाय नव्हे. बर्फानं वासच गोठतो. रात्री दहानंतर, गच्चीवर वारा सुटल्यावर, उकळून गार केलेलं पाणी घेऊन पुन्हा बसलो. बोअरचं पाणी इथे उपयोगाचं नाही. कृष्णाकाठची काळी जमीन उसाच्या पाण्यानं क्षारपड झालेली, पाण्यालाही खारसर कडवटपणा. आता बेदाणा परत आला, पेढा परत आला. दाजींनी ग्लास हातात धरून थोडा वेळ काहीच केलं नाही. मग तळहातावर एक थेंब घेतला, चोळला आणि तळहात हुंगला. हळदीची पूड ते अशीच बघतात. मद्यार्क उडून गेल्यावर मागे राहिला तो लाकडाचा आणि सुक्या फळाचा वास. "माल चांगला हाय," ते म्हणाले. "पण पाव्हणं, जुना हाय म्हणून चांगला नाही. जिथं ठेवला ती जागा चांगली हाय."

त्याचा अर्थ दुसऱ्या सकाळी हरिपूरला कळला. सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ. 'संगीत शारदा'वाले गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. पण व्यापाऱ्यांना हरिपूर माहीत ते पेवांसाठी. इथली माती अशी की तीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा खणला तरी भिंती ढासळत नाहीत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं पाला-पाचट लावून हळदीची हळकुंडं भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतली हवा थोड्याच दिवसांत संपते, त्यामुळे कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. रंग उतरत नाही, उलट चढतो असं व्यापारी सांगतात. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आधी तोंड उघडं ठेवतात, कंदील सोडून बघतात, तो विझला नाही तरच माणूस खाली जातो. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी इथे शिरलं आणि असंख्य पेवं हळदीसकट गेली. २०१९ ला पुन्हा पूर आला. आता बहुतेक माल शीतगृहात जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेवं मोडकळीला आलेली होती, याचं मला फार वाईट वाटतं. जमिनीखाली माल राखण्याचं एवढं पक्कं ज्ञान दुसरीकडे सहज सापडणार नाही.

दाजींनी एक हळकुंड मोडून दाखवलं. कट्ट आवाज आला, आत नारिंगी गाभा. आवाज, वजन, गाभ्याचा रंग, मग वास, या क्रमानं पारख. इथे माझ्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी आल्या. पेवात हवा बंद करून वय थांबवतात. पिंपात हवेला येऊ-जाऊ देऊन वयाला काम करू देतात. ओकच्या फळ्यांतून प्राणवायू आत शिरतो, लाकडातलं व्हॅनिलिन आणि खोबऱ्याचा वास देणारे घटक उतरतात, आणि दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हा उडणारा भाग वर्षाला साधारण २ टक्के धरतात, आणि त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. या हिशोबानं १०० लिटरमधले अठरा वर्षांनी जवळजवळ ७० लिटर उरतात. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हाच वाटा वर्षाला १० ते १२ टक्के जातो. १० टक्क्यांनी धरलं तरी अठरा वर्षांनी १५ लिटर उरतील, आणि त्यांत लाकडाखेरीज काही लागणार नाही. म्हणून २००४ मध्ये ग्लासगोत पहिल्यांदा विकायला ठेवलेली अमृत किंवा गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉन या व्हिस्की थोड्या वर्षांतच काढतात आणि त्या उत्तम असतात. सांगलीच्या उन्हात कुणी पिंपं मांडली तर चार-पाच वर्षं पुरे. त्याच्या पुढे दाजींच्या भाषेत जागा मालाला खाईल.

यामाझाकीची हवा स्कॉटलंड आणि बंगळुरू यांच्या मधली. उन्हाळा कडक आणि दमट, हिवाळा थंड. अठरा वर्षांत लाकूड पुरेपूर उतरतं, अगदी काठावर. मला जो तुरटपणा किंचित जास्त वाटला तो याच काठाचा. तेव्हा माझं मत असं: नाकाला ही व्हिस्की मी चाखलेल्यांत फार वरच्या पायरीवर आहे, जिभेला थोडी खाली. १९८४ पासून मिळणारी बारा वर्षांची यामाझाकी वासात एवढी खोल नाही, पण तिच्यात फळ अधिक ताजं आहे आणि शेवट स्वच्छ आहे. १ एप्रिल २०२४ ला जपानमधली छापील किंमत अठराची ३२,००० येनवरून ५५,००० झाली, बाराची १०,००० वरून १५,०००. बाजारात दोन्ही याहून कितीतरी महाग मिळतात. त्या वाढीव पैशात चव नसते, दुर्मीळपणा असतो. कुणी जपानहून येणारं असेल आणि काय आणू म्हणून विचारलं, तर मी बारा सांगेन.

आणि या वाटेनं जायचं झालं तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ धरावा. तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात, बेदाण्याची शेड भरलेली असतात आणि यार्डात नव्या हळदीचे सौदे निघतात. यार्डात सकाळी लवकर जावं, अडत्यांना विचारून हळकुंड हातात घ्यावं, मोडावं, हुंगावं. हरिपूरला एखादं पेव अजून वापरात असेल तर ते उघडतानाची वेळ विचारून घ्यावी. उघडलेली बाटली कुणाकडे उरलेली असेल, तर ती लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेनं काही महिन्यांत आधी जर्दाळू जातो, मग चंदन.